रात्री दहानंतरची गाणी : गोव्यातल्या मराठी गायन स्पर्धांच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
गणेश चवथीपासून होळीच्या शिगम्यापर्यंत गोव्यात मराठी गायन स्पर्धा भरवणारी मंडळं, देवस्थान समित्या, शाळा आणि या स्पर्धांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या एका स्पर्धेच्या पत्रकात नियम छापला आहे : 'सन २००० नंतरची चित्रपटगीतं स्वीकारली जाणार नाहीत.' पुढे कारणही दिलंय, की काळाच्या कसोटीवर उतरलेल्या गाण्यांचीच परंपरा पुढे जावी. ज्या मंडळाचं हे पत्रक, त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. बाकीच्या ठिकाणी हा नियम छापलेला नसतो, पण पाळला जातो. कुणी अर्ज घेताना तोंडी सांगतं, कुणी मूल स्टेजवर चढायच्या आधी सांगतं, कुणी निकालानंतर बाजूला घेऊन सांगतं, 'मुलगी छान गायली हो, पण गाणं जरा जुनं घ्यायला हवं होतं.' म्हणून हे पत्र सगळ्यांना लिहिते आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात मुलांना गाणं आणि पेटी शिकवते आणि स्पर्धांना त्यांच्या साथीला बसते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत इंग्रजीत शिकतात. मराठी त्यांना भेटते ती आरतीत, भजनात, जत्रेच्या नाटकात आणि गाण्यात. गोव्यात हे आजचं नाही. पोर्तुगीज अमदानीतही मराठी टिकली ती मोठ्या अंशी देवळाच्या चौकात आणि नाटकाच्या मांडवात. एखादं मूल आपणहून येतं आणि 'टीचर, मला हे मराठी गाणं बसवून द्या' म्हणतं, तेव्हा ते गाणं कुठल्या सालचं हे मी विचारत नाही. त्याला ते हवंय, एवढं मला पुरतं. तुमचा नियम नेमकी तीच वाट बंद करतो. तुम्हाला वाटतं, नवं गाणं नाकारलं की मूल जुन्या मराठी गाण्याकडे वळेल. ते वळत नाही. ते पुढच्या वर्षी हिंदी गटात नाव देतं. हे मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षं पाहते आहे आणि म्हणून गप्प बसवत नाही.

माझ्या एका नववीतल्या विद्यार्थिनीने 'नटरंग'मधलं 'खेळ मांडला' बसवलं होतं. अजय गोगावले यांनी ते ज्या ताकदीने म्हटलंय त्याची नक्कल तिने करू नये म्हणून आधी मी पट्टी बदलली, तिच्या गळ्याला काळी चार लावून दिली. वरच्या सुराला ओरडायचं नाही, आवाज मोकळा सोडायचा, एवढ्या एका गोष्टीवर पावसाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. अर्ज परत आला. गाण्याच्या नावावर लाल शाईची रेघ आणि बाजूला एकच शब्द, 'नवीन'. ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'टीचर, हे गाणं माझ्यापेक्षा मोठं आहे.' खरंच आहे. 'नटरंग' १ जानेवारी २०१० रोजी लागला, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मग तिने मान्य यादीतलं एक गाणं घेतलं. सुरात गायली, तालात गायली. त्या गाण्याशी तिचं काही नातं नव्हतं आणि ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं.

परंपरेचं नाव पुढे केलं आहे, तर परंपरेबद्दल बोलू. मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा'ला संगीत दिलं १९६४ साली आणि 'कट्यार काळजात घुसली'ला १९६७ साली. त्याआधी अर्धशतकभर नाट्यसंगीत म्हटलं की 'मानापमान' आणि 'स्वयंवर', म्हणजे १९११ आणि १९१६ची पदं लोकांच्या कानात होती. अभिषेकींनी पद आटोपशीर केलं, नाटकाचा ओघ अडणार नाही असं बसवलं. समजा, १९७० साली आपल्याकडच्या एखाद्या समितीने ठरवलं असतं, की १९४५ नंतरचं नाट्यपद चालणार नाही. 'घेई छंद मकरंद' बाद. 'गर्द सभोवती रान साजणी' बाद. आज तुमच्या पत्रकांमागे 'दर्जेदार गीतां'ची जी नमुना यादी जोडलेली असते, तिच्यात हीच पदं वर असतात. ती तिथे पोचली, कारण ती नवी होती तेव्हा कुणी अडवली नाहीत. जत्रेच्या नाटकात हौशी नटांनी ती गायली, भजनीबुवांनी त्या चालींवर गौळणी बांधल्या, पोरांनी ती ऐकून उचलली. घुमट या आपल्या मातीच्या चर्मवाद्याचंही तसंच. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आली, आता बकरीचं कातडं चढवतात. सरकारने वारसा वाद्य म्हणून मान दिला तो हा बदल पचवलेल्या घुमटाला.

शिवाय हा सालाचा नियम लावायचा तरी कसा? 'कट्यार'वर २०१५ साली चित्रपट आला. त्यात अभिषेकींची पदंही आहेत आणि शंकर-एहसान-लॉय यांनी केलेली नवी गाणीही. एखाद्या मुलाने 'घेई छंद' लिहिलं तर ते १९६७चं धरणार की २०१५चं? त्याच चित्रपटातल्या 'अरुणी किरणी'साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गळ्याला रागदारीची तालीम असल्याशिवाय ते गाणं उचलत नाही. तुमच्या नियमाने ते अपात्र, आणि १९७५ सालचं कुठलंही सोपं सिनेमाचं गाणं पात्र. त्यातल्याच 'सूर निरागस हो'चं तर मला फारच वाईट वाटतं. आपल्याकडे कितीतरी कार्यक्रमांना आज ईशस्तवन म्हणून तेच म्हणतात. एका स्पर्धेच्या उद्घाटनाला समई लावताना ते गायलं गेलं, मी स्वतः पेटीवर होते, आणि तासाभराने एका मुलाला तेच गाणं 'बसत नाही' म्हणून बदलायला लावलं. देवासमोर चालतं ते परीक्षकांसमोर का चालू नये, याचं उत्तर त्या मुलाला मी काय द्यायचं?

काळाची कसोटी म्हणता, तर ती कुठे लागते ते मी सांगते. आपल्याकडे रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. दहापर्यंत काय वाजतं ते लावणाऱ्याच्या मोबाइलवर ठरतं, त्यावरून गाण्याचं काही कळत नाही. पण दहानंतर सगळी माणसं घरी जात नाहीत. चवथीच्या दिवसांत तर नाहीच. कुणीतरी पेटी पुढे ओढतं, घुमट येतं, काठ्यांनी वाजवायचं शामेळ येतं, झांजांसारखं कासाळं येतं. मशीन नाही, ट्रॅक नाही, पडद्यावर सरकणारे शब्द नाहीत. चाल एका पेटीवर उभी राहिली पाहिजे, शब्द तोंडपाठ पाहिजेत आणि पहिलं कडवं संपल्यावर दुसरं आठवलं पाहिजे. अशा रात्री मी पुष्कळ पाहिल्या आहेत. २०१० ते २०१९ या दशकातली कुठली गाणी उरतील याचा माझा अंदाज त्या बैठकांवरून आहे, यू-ट्यूबच्या आकड्यांवरून नाही.

'खेळ मांडला' उरेल. देवाला घातलेली हाक आहे ती, अभंग म्हणणाऱ्या गळ्यांना परकी वाटत नाही. 'लई भारी'मधलं २०१४चं 'माऊली माऊली' उरेल, कारण त्यात मागे म्हणणाऱ्यांना जागा आहे. पुढच्याने एक ओळ टाकली की टाळकरी आपोआप उचलतात.

'देवाक काळजी रे' मात्र गोव्यात सगळ्यांत जास्त टिकेल असं मला मनापासून वाटतं. २०१८च्या 'रेडू'मधलं हे गाणं मालवणीत आहे. पेडण्याहून तेरेखोल ओलांडली की जी बोली लागते ती. आमच्या घरांत ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका चवथीला आरत्या संपल्या, दहा वाजून गेले होते, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पोरं पेंगत होती. एका मुलाने हे गाणं सुरू केलं. घुमट वाजवणाऱ्या काकांनी पहिल्या दोन ओळी नुसत्या ऐकल्या. मग डाव्या तळव्याने घुमटाचं मागचं तोंड अर्धं झाकलं आणि उजव्या हाताच्या बोटांनी इतका हलका ठेका धरला, की आरतीला दणाणणारं वाद्य हेच का असं वाटावं. दुसऱ्या कडव्याला मुलगा अडला. ते कडवं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकांनी उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या स्पर्धेसाठी त्यांनी ते पाठ केलं नव्हतं. गाणं टिकतं म्हणजे हेच होतं.

'सैराट'बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याच्या नावाने परीक्षकांच्या कपाळाला सगळ्यांत आधी आठी पडते. त्याचं संगीत अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, मोठा सिंफनी वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित झालं. त्यामुळे पुष्कळांची समजूत, की व्हायोलिनांचा तो ताफा काढला तर मागे काही राहणार नाही. मी तो काढून पाहिला आहे. डावा हात भात्यावर, उजव्या हाताने नुसती चाल, खाली स्वरांचा भरणा नाही. 'याड लागलं'ची चाल तसूभर हलत नाही. एप्रिल २०१६ मध्ये चित्रपट आला तेव्हा जी मुलं पाळण्यात होती ती आज माझ्याकडे हे गाणं मागतात. त्यांतल्या कितीतरी मुलांनी चित्रपट पाहिलेला नाही. पोस्टर गेलं, जाहिरात गेली, नट-नटी त्यांना ठाऊक नाहीत, आणि गाणं हवंय. यापेक्षा वेगळी कसोटी मला तरी माहीत नाही.

त्याच चित्रपटातलं 'झिंगाट' निराळं. दहाच्या आत त्याला तोड नाही, लग्नाच्या वरातीत ते पुढची कित्येक वर्षं वाजेल. दहानंतर मुलं ते सुरू करतात, मुखडा होतो आणि मग एकमेकांकडे बघतात. ते नाचायचं गाणं आहे. त्याने नाचातच राहावं, त्यात कसला कमीपणा नाही. 'दुनियादारी'मधलं 'टिक टिक वाजते डोक्यात' २०१३ साली कॉलेजात असलेल्यांचं आहे, त्यांच्या गाठीभेटींत गायलं जाईल, पुढच्या पिढीच्या तोंडी बसेल असं दिसत नाही. 'सोनू तुझा माझ्यावर भरोसा नाय काय' २०१७ साली प्रत्येक वाड्यावर ऐकलं, आता कुणी काढत नाही. ते कुणी बंद पाडावं लागलं नाही. लोकांनीच सोडलं. म्हणूनच मी म्हणते, हे काम नियमाने करायची गरज नाही. लोक करतात, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतात.

सालाखेरीज आणखी काही तक्रारी आहेत.

एक, लावणीच्या ढंगाच्या गाण्यांची. 'अप्सरा आली' मुलीने घेतलं की 'शोभत नाही' म्हणून शेरा येतो. बेला शेंडे यांनी ते गाताना जी फेक ठेवली आहे, शब्द जसे टाकले आहेत, ते बसवताना चांगल्या तयारीच्या मुलीचा कस लागतो. ती उभी राहून, माइकसमोर, हात जोडून गाते आहे, नाचत नाही. आणि त्याच स्पर्धेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची सिनेमातली लावणी टाळ्यांच्या गजरात पार पडते. शोभणं-न शोभणं हे सालावर कसं ठरतं?

दुसरी तक्रार कवींच्या वतीने. अर्जावर 'मूळ गायक' असा रकाना असतो, कवीचा नसतो. निवेदकही गायकाचं नाव घेतो, फार तर संगीतकाराचं. मी वर्गात एकदा मुलांना विचारलं, 'खेळ मांडला', 'अप्सरा आली', 'माऊली माऊली' आणि 'देवाक काळजी रे' यांत सारखं काय? कुणालाच सांगता आलं नाही. चारही गाणी गुरू ठाकूर यांनी लिहिली आहेत. एकच माणूस देवाशी भांडतो, फडावरची नार उभी करतो, वारकऱ्याच्या तोंडी गजर देतो आणि मालवणीत धीर देतो, हे कळल्यावर मुलांनी चारही गाणी पुन्हा ऐकली, या वेळी शब्दांसाठी. आपल्या गोव्याने बा. भ. बोरकरांसारखा कवी पाहिला आहे. इथल्या स्पर्धेत कवीचं नाव घेतलं जाऊ नये, हे मला सहन होत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे. ज्या थोड्या स्पर्धांत नवी गाणी चालतात, त्या ट्रॅकवर होतात. साथीदारांचं मानधन वाचतं, तालीम लागत नाही, पेनड्राइव्ह लावला की झालं. पण ट्रॅक मुळात ज्या पट्टीत आहे तिथेच मूल गाऊ बघतं. पुरुषाच्या पट्टीत कोंडलेली मुलगी खालच्या सुराला पुटपुटते आणि वर चिरकते, दोष मात्र तिच्या गळ्याला लागतो. तिने एक जागा चांगली घेतली, तिथे क्षणभर थांबावंसं वाटलं, तर ट्रॅक थांबत नाही. पेटीवाला थांबतो, तबलजी तिच्या समेची वाट बघतो. आता काय झालं आहे बघा. जुनं गाणं पेटी-तबल्यावर आणि नवं गाणं मशीनवर, अशी वाटणीच होऊन गेली. नव्या गाण्याला पेटीवर बसायची संधी तुम्ही देत नाही आणि मग तुम्हीच म्हणता, ही काय, मशीनची गाणी. त्या दशकातली चांगली गाणी या दोन दारांच्या मध्ये अडकली आहेत. एका दारात साल आडवं येतं, दुसऱ्या दारात ट्रॅक.

माझ्या मागण्या या :

सालाची अट काढून टाका, छापलेलीही आणि तोंडीही. वयाला साजेसा आशय बघा, गाण्याची अवघडाई बघून गुण द्या, त्याला माझी हरकत नाही.

अर्जावर कवी आणि संगीतकार असे दोन रकाने ठेवा. ते भरल्याशिवाय अर्ज घेऊ नका आणि निवेदकाने दोन्ही नावं स्टेजवरून घ्यावीत.

निदान अंतिम फेरी तरी पेटी-तबल्याच्या साथीवर व्हावी, ट्रॅक नको. साथीदारांचं मानधन मंडळाने द्यावं, पालकांवर टाकू नये. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत चांगले तरुण साथीदार आहेत, त्यांना चार कामं मिळतील. ज्याला घुमटाची साथ घ्यायची आहे त्याला ती घेऊ द्यावी.

गाणं नाकारायचंच असेल तर कारण लेखी द्यावं, खाली सही असावी, आणि मूल दुसरं गाणं नीट बसवू शकेल इतक्या आधी कळवावं. 'नवीन' हे कारण धरलं जाऊ नये.

आणि गोव्यात आज लिहिल्या जाणाऱ्या, इथेच चाल लावलेल्या मराठी गाण्यांसाठी एक वेगळं बक्षीस ठेवा. रक्कम लहान असली तरी चालेल. अशी गाणी लिहिणारी आणि बांधणारी मंडळी आपल्यात आहेत, त्यांना आपलं गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायला मिळत नाही.

चवथीच्या स्पर्धांची पत्रकं छापायला जाण्याआधी यावर बैठक बोलवावी, ही विनंती. मी येईन, माझ्यासारखे शिकवणारे आणखीही येतील. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्याला नको असलेली गाणी कागदावर लिहून आणावीत. ती आम्ही तिथेच पेटीवर वाजवू, मुलं म्हणतील, आणि ऐकल्यावर आपण काय ते ठरवावं.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक गायनशिक्षिका आणि पेटीवादक